कानानं तपासलेली व्हॅन

आमच्या बाबांचा कान असा होता की रायपूरच्या यार्डात उभं राहून, भाटापाऱ्याला पोचलेल्या मालगाडीच्या कोणत्या चाकात कुरकुर आहे ते सांगत. कोणाला वाटेल मी वाढवून सांगते. वाटू द्या. वाढवून सांगणं हा माझा जन्माचा धंदा आहे. पण ही गोष्ट मला वर्कशॉपातल्या माणसांनी सांगितली, आणि ती माणसं माझ्याहून बरीच कमी खोटं बोलायची.

बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत होते. हातात लांब दांड्याची हातोडी. उभ्या गाडीच्या एकेका चाकाला एकेक ठोका द्यायचा आणि ऐकायचं. चाक धड असेल तर टण्ण वाजतं. तडा असेल तर आवाज बसका येतो, सर्दी झालेल्या माणसानं आपलं नाव सांगावं तसा. तसा आवाज आला की बाबा खिशातून खडू काढत आणि डब्यावर लिहीत, 'सिक'. सिक म्हणजे आजारी. आजारी डबा गाडीतून काढायचा आणि वेगळ्या रुळावर नेऊन उभा करायचा, त्या रुळाचं नाव सिक लाइन. आईला एकदा मलेरिया झाला तेव्हा बाबांनी आमच्या क्वार्टरच्या दारावर खडूनं सिक लिहिलं होतं आणि आमची मावशी आठ दिवस त्या दारानं आत आली नाही, खिडकीतून आली.

निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी नारळ, शाल आणि तीच हातोडी दिली. त्याच सुमारास आमचं राज्यही बदललं. आम्ही जागचे हललो नाही. मध्य प्रदेशात झोपलो आणि छत्तीसगडात उठलो, उशी तीच. रायपूर एकदम राजधानी झालं. राजधानीला बसायला जागा नव्हती, म्हणून सरकार एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत बसलं, आणि मला तिथंच कारकुनाची नोकरी लागली. माझं टेबल होतं तिथं पूर्वी प्लास्टर चढवत म्हणे. फायली तिथं तशाच पडून असत, हातपाय बांधून, महिनोन् महिने.

क्वार्टर सोडून आम्ही तेलीबांध्याच्या तलावापलीकडे घर बांधलं. तेव्हा तिथं कुत्रंही फिरकायचं नाही. आता तिथल्या कुत्र्यांनाही पट्टे आहेत.

घर झालं आणि बाबांनी व्हॅन आणली. गोल बाजारातल्या एका कापडवाल्यानं तिच्यात दहा वर्षं गठ्ठे वाहिले होते. सीट वर केली की अजून परकराच्या कापडाचा वास यायचा. नंबर प्लेटवर एमपी खोडून सीजी रंगवलेलं. ऊन पडलं की खालचं एमपी वर यायचं, म्हणजे सकाळी आमची गाडी छत्तीसगडची असे आणि दुपारी मध्य प्रदेशची.

"काहून आनली?" मावशीनं विचारलं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असे, आणि सगळ्यांना प्रश्न विचारणं हे काम तिनं स्वतःहून अंगावर घेतलं होतं. "तुमच्याजवळ रेल्वेचा पास हाये ना, भाऊजी? जनमभर फुकट. मंग हा डबा कायले?"

बाबा म्हणाले, "माया बाप दीक्षाभूमीले पायी गेला होता. भंडाऱ्याच्या गावावरून, डोक्यावर पीठ अन् मिरच्या घेऊन. मी गेलो रेल्वेनं, पन उभा. दरसाली उभा. आता मायी बायको बसून जाईन. आपल्या गाडीत, खिडकीपाशी."

आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

बाबांना गाडी म्हणजे वॅगनच वाटे. रेल्वेचा डबा ठरावीक वर्षांनी पूर्ण उघडून दुरुस्त करतात आणि त्याची तारीख पांढऱ्या रंगानं त्याच्या अंगावर लिहितात. बाबांनी तशी तारीख व्हॅनच्या मागच्या दारावर लिहिली, अक्षरांचा पत्र्याचा साचा कापून. नव्या राजधानीत सरकारी गाड्यांचं इतकं पीक आलेलं की चौकातल्या पोलिसाला वाटलं हीसुद्धा कुठल्याशा विभागाचीच. तो सलाम ठोकायचा. बाबाही ठोकायचे. मावशी मागच्या सीटवरून हात हलवायची, मंत्र्याच्या सासूसारखी.

रविवारी तपासणी. आधी टायर. बाबा लोकर विणायची एक जुनी सुई घेऊन बसत आणि टायरच्या खाचांतला एकेक खडा काढत. रबरावरून तळवा फिरवत, आतून, बाहेरून, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. दर महिन्याला पुढचं डावं मागं उजवीकडे, मागचं उजवं पुढं डावीकडे. चारही टायर सारखे झिजले पाहिजेत, एकाला काम आणि एकाला आराम हे बाबांना चालत नसे. आमचे टायर असे होते की तलावाकाठी फिरायला आलेले लोक थांबून बघत. एका बाईंनी तर आमच्या टायरला आपल्या पोरीसाठी स्थळ म्हणून विचारलं असतं, पण जात कोणती ते कळेना.

मग हातोडी. प्रत्येक टायरला ठोका. उरला गावच्या कारखान्यांकडचे ट्रकवालेही टायरवर गज मारून हवा बघतात, त्यामुळे यात वेड्यासारखं काही नव्हतं. टायर वाजणार तो ढब असाच. पण बाबा मला विचारत, "ऐकलं?"

"ऐकलं, बाबा. टण्ण!"

"पोट्टी, रबर कधी टण्ण वाजते का?" आणि हसत.

शेवटी गिअरबॉक्स. इंजिन चालू करून बाबा खाली सरकत, हातोडीच्या दांड्याचं एक टोक गिअरबॉक्सला लावत, दुसरं कानाला. डोळे मिटत. मग बाहेर येऊन म्हणत, "साफ." गिअरबॉक्समध्ये तेल असतं, त्याला बाजूला एक बूच असतं, ते खोलून बोट घालून तेल बघायचं असतं, हे गाव जाणतं. बाबा ते बूच खोलू देत नसत. वॅगनच्या बेअरिंगचा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता: "साफ वाजते तोवर उघडाचं नाही. उघडलं का धूळ गेली, धूळ गेली का बेअरिंग गेलं." आणि आमच्यासमोरून नव्या राजधानीचा रस्ता खणून चाललेला, धूळ इतकी की आम्ही पोळीही झाकून खायचो. बाबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कान शाबूत आहे तोवर चुकीचं नव्हतं.

कान गेला कधी, हे कोणालाच नक्की सांगता येणार नाही. मला कुकर आठवतो. घरात शिट्या मोजायचं काम बाबांकडे होतं. पेपर वाचता वाचता ते ओरडत, "तिसरी झाली वो!" एका दुपारी आई मागे कपडे वाळत घालत होती, बाबा पेपर वाचत होते, आणि कुकर शिट्या देतच राहिला. मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाच्या सुट्टीवर आले तर डाळीचा कोळसा आणि बाबा पेपरच्या शेवटच्या पानावर. आई आत आली, एकदा कुकरकडे पाहिलं, एकदा बाबांकडे.

"मायंच ध्यान नव्हतं," आई म्हणाली. मोठ्यानं म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलायला लागले. कोणी ठरवलं नाही. मीठ मागायचं तरी सभेत मागितल्यासारखं. शेजारणीनं आईला बाजूला घेऊन विचारलं, "दीदी, घर में सब ठीक है ना? रोज झगड़ा होता है क्या?" मावशी एकदा बोलून गेली, "बाई, भाऊजीले ऐकूच येऊन नाही राहिलं." आईनं तिच्याकडे असं पाहिलं की मावशी दोन दिवस घशात काटा अडकल्यासारखी गप्प होती. मावशी दोन दिवस गप्प, हे मी वाढवून सांगत नाही. तो एकच चमत्कार मी डोळ्यानं पाहिला आहे.

तीस-पस्तीस वर्षं लोखंडावर लोखंड आदळत होतं त्या शेडमध्ये. कान तिथंच राहिला असणार. नारळ दिला, शाल दिली, कान ठेवून घेतला.

उन्हाळ्यात व्हॅन गुणगुणायला लागली. आधी फक्त तिसऱ्या गिअरमध्ये, एक बारीक सूर, कोणी दूर चक्की चालवत असल्यासारखा. मग चौथ्यातही. पावसाळा संपेपर्यंत सूर असा चढला की आम्ही तलावाच्या वळणावर आलो की घरी झोपलेलं मांजर उठून बसायचं. रस्त्यावरची माणसं वळून बघत. बाबांना वाटे, टायर बघतात. रविवारी ते खाली सरकत, दांडा कानाला लावत, डोळे मिटत. मी वर उभी असे. नुसत्या पायांच्या तळव्यांना मला तो आवाज कळे.

"साफ," बाबा बाहेर येत. "ऐकलं?"

"ऐकलं, बाबा. एकदम साफ."

दसऱ्याला आठ दिवस राहिले होते. बाबा पेन्शनच्या कामाला बँकेत गेले तेव्हा मी उरल्याच्या रस्त्यावरच्या एका मिस्त्रीला घरी बोलावलं. मोठा माणूस, मिशा पिकलेल्या, तोंडात गुटखा. खाली गेला, बूच खोललं, आत बोट घातलं. बाहेर आला आणि बोट माझ्या नाकापुढे धरलं. कोरडं. नुसता एक काळा लेप, जळका वास, आणि त्यात बारीक बारीक पिवळी चमक, गणपतीच्या मखराला लावतात तशी.

"ये चमकी नहीं है, दीदी. ये अंदर का पीतल है, घिस घिस के आया है. पीछे की सील से तेल टपक गया, साल भर में बूँद बूँद. इतना चिल्ला रही है गाड़ी, किसी ने सुना नहीं?"

मी म्हणाले, "सुना."

"तो?"

आई दारात उभी होती. तिनं विचारलं, "भैया, नागपूर तक जाएगी?"

"हव, तेल डाल देता हूँ, दो दिन आवाज़ दबेगी. पर डब्बा खोलना पड़ेगा, माँजी. चार-पाँच दिन छोड़ो मेरे पास. बिना खोले जाएगी तो..." त्यानं पिंक टाकली आणि वाक्य तिथंच ठेवलं. "बाबूजी को बता देना."

तो तेल भरून गेला. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. चार-पाच दिवस. दसऱ्याला आठ होते. वेळ पुरत होता, हे मी मुद्दाम लिहिते आहे. नाहीतर या गोष्टीत माझी चूक दिसणार नाही.

"सांगून देऊ?" मी म्हणाले.

"सांग. ते म्हनतीन, काहून उघडाचं? साफ वाजून राहिली. मंग तू सांगशीन, साफ नाही वाजत, उन्हाळ्यापासून बोंबलून राहिली. मंग?"

"मंग काय?"

"मंग ते इचारतीन, मले काहून नाही ऐकू आलं?" आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्याचं उत्तर हाये का तुयाजवळ? हाये त जा, सांग."

माझ्याजवळ जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं असत. खोटी, पण तयार. मी उठून आत भांडी घासायला गेले. बाबा बँकेतून आले, व्हॅनभोवती एक चक्कर मारली, खाली फरशीवर सांडलेला तेलाचा एक थेंब त्यांना दिसला नाही कारण आईनं त्यावर सडा टाकला होता. बाकी सडा तिनं दुपारी तीन वाजता कधी टाकला नव्हता.

आम्ही दसऱ्याच्या पहाटे निघालो. आई खिडकीपाशी, पांढरी साडी, हातात पुरणपोळ्यांचा डबा. मावशी मागं, तिच्या दोन पिशव्या आणि तिची एक उशी. मी बाबांशेजारी. दुर्ग गेलं, राजनांदगाव गेलं. रस्त्यावर निळे झेंडे लावलेल्या बसेस, ट्रक, मेटॅडोर. सगळे एकाच दिशेनं, सगळे गात. बाबा प्रत्येकाला हॉर्न देत. आई खिडकीतून हात बाहेर काढून वारा घेत होती. तेवढे दोन तास कोणी माझ्यापासून काढून घेऊ शकत नाही. पण त्यांना पूर्ण आनंदाचे म्हणायलाही माझी जीभ वळत नाही, कारण राजनांदगावनंतर मिस्त्रीच्या तेलाचं बळ सरलं.

आवाज आधी परत आला, मग वाढला, मग त्यात खडखड मिसळली. मी बोलायला लागले. बाबांना तो आवाज ऐकू येत नव्हता हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी तो दाबायला बोलत होते. आमच्या मंत्रालयात एक फाइल अशी आहे की तिनं तीन साहेब खाल्ले, म्हणाले. एका ऑफिसरच्या टेबलाखाली जुना पेशंट निघाला, त्याला कोणी डिस्चार्जच दिला नव्हता, म्हणाले. आता तो हेडक्लार्क आहे. मावशी मागून ओरडून ओरडून हसत होती, माझ्यासारखीच, आवाजावर आवाज चढवत. आई हसत नव्हती. ती बाहेर बघत होती, आणि डबा तिनं पोटाशी धरला होता.

जंगलाच्या चढावर गाडीनं एकच हिसका दिला. आतून असा आवाज आला की, मी शपथेवर सांगते, झाडांवरची माकडं खाली उतरून माफी मागायला लागली. मागची चाकं जाम. गिअरची दांडी बाबांच्या हातात दगडासारखी. बाबांनी गाडी जेमतेम कडेला घेतली.

ते उतरले. हातोडी काढली. एक, दोन, तीन, चार. चारही टायर धड. सगळीकडे ढब. वाकून एकेक हातानं तपासला. एकातही खडा नव्हता. मग ते गाडीखाली सरकले, गिअरबॉक्सवर हात ठेवला, आणि चटका बसून मागं घेतला.

मागून एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, भला माणूस, मदतीलाच आलेला. "बाबूजी, आपकी गाड़ी तो राजनांदगाँव से रो रही है. हम पीछे सुन रहे थे. आप कैसे चला रहे थे इसको?"

बाबा माझ्याकडे वळले. "काय म्हनते तो?"

मी म्हणाले, "म्हनते, टायर लय भारी हायेत तुमचे."

ड्रायव्हरला मराठी कळलं असावं. त्यानं मान खाली घातली आणि आपल्या चपलेकडे बघत राहिला. बाबा मात्र माझ्याकडेच बघत होते. माझ्या तोंडाकडे, ओठांकडे. दोन बसेस गात गात गेल्या.

"तुले केव्हापासून ऐकू येऊन राहिलं होतं?" ते म्हणाले.

त्या क्षणी मला कितीही खोटं बोलता आलं असतं. "उन्हाळ्यापासून," मी म्हणाले.

"अन् तुयी आई?"

मी गाडीकडे पाहिलं. आई खिडकीपाशी बसली होती तशीच बसून होती.

बाबांनी खिशात हात घातला. निवृत्त होऊन किती दिवस झाले तरी खडू त्यांच्या खिशात असे. व्हॅनच्या दारावर, त्यांनीच रंगवलेल्या तारखेच्या खाली, त्यांनी लिहिलं, सिक. शांतपणे, वळणदार अक्षरात. मग एक बस थांबली, लोकांनी विचारलं कोणी येणार का, दोन जागा होतील. बाबांनी आईला आणि मावशीला चढवून दिलं.

"जागा उभ्याची आहे," बसमधला माणूस मोठ्यानं म्हणाला.

बाबांना ऐकू आलं नाही. आईला आलं. ती चढली. दीक्षाभूमीपर्यंत उभी गेली.

त्या ड्रायव्हरनं खाली सरकून गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा सोडवला, चाकं मोकळी झाली, आणि रायपूरकडे निघालेल्या दुसऱ्या एका ट्रकनं आम्हाला दोरानं बांधून परत आणलं. बाबा स्टिअरिंग धरून बसले होते, दिशा देत, ब्रेक देत. समोरून निळे झेंडे येतच होते, आमच्या उलट्या दिशेनं. रस्ताभर त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, ऐकलं का. त्यानंतरही कधी विचारलं नाही.

पुढं त्यांना कानात घालायचं मशीन आणून दिलं. चार दिवस घातलं. "यात सगळंच वाजते," म्हणाले, "चांगलं कोनतं अन् खराब कोनतं, कळतच नाही." ते डबीत गेलं, डबी कपाटात गेली. गिअरबॉक्स कोणी उघडला नाही. मिस्त्री दोनदा येऊन गेला, बाबांनी दोनदा चहा पाजून परत पाठवला. व्हॅन अंगणातच आहे. समोर आता मोठमोठ्या इमारती झाल्या, लोक तलावाकाठी आइस्क्रीम खातात, आणि आमच्या दारात ती उभी, दारावर खडूचं अक्षर. पावसात पुसतं. बाबा पुन्हा लिहितात.

आई त्यानंतर दरसाली रेल्वेनं जाते. बाबा जात नाहीत.

उभ्या गाडीचे टायर एकाच जागी दबून चपटे होतात, म्हणून रविवारी ते बाहेर येतात, एकेक चाक जॅकवर उचलतात आणि हातानं पाव फेरा फिरवतात. मी हजर असते. लोकरीच्या सुईनं ते खाचा साफ करतात, जरी खडा कुठून येणार, गाडी कुठंच जात नाही. मग हातोडी. ठोका मारतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. मीही तोंडावर काही येऊ देत नाही. चार ठोके झाले की ते उठतात, गुडघे झटकतात, आत जातात.

टायर अजून नवे आहेत. खरंच. यात मी काही वाढवलेलं नाही.